वाळकाची हाडं

यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्या गावाहून समुद्र गाठायचा तर रात्रभर रेल्वेत बसावं लागतं. तरी आमच्या कॉलेजच्या प्रयोगशाळेत, सापाच्या बरणीशेजारी, एक समुद्रकाकडी आहे. प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी तिची चिठ्ठी गळाली. परीक्षक येणार बाहेरचे, तेही कुळासकट नाव विचारणारे.

शिपाईमामांनी बरणी उजेडात धरली. "कोनाच्या वावरातलं वाळूक हाय जी हे?"

"मामा, प्राणी आहे हा. तारामाशाचा भाऊबंद."

"मंग याचं तोंड कोनतं?"

तिथंच घोडं अडलं होतं. तोंडाभोवतीची स्पर्शकं ढालीसारखी की झाडासारखी, यावरून गण, म्हणजे कुळाच्या वरचा गट, ठरतो. पण आमच्या काकडीबाईंनी मरताना ती आत ओढून घेतलेली. श्वास ती मागच्या दारानं घेते, हे सांगितल्यावर मामांनी बरणी जरा लांब धरली.

खरी ओळख हाडांत. हाडं म्हणजे कातडीत विखुरलेले चुन्याचे कण, डोळ्यांना न दिसणारे. सूक्ष्मदर्शकाखाली कुणाचे तिवईसारखे, कुणाचे सदऱ्याच्या बटणासारखे, काहींचे तर हुबेहूब नांगर.

"नांगर? म्हंजे कास्तकाराच्याच घरचं हाय!" मामा खूश. तो नांगर जहाजाचा, हे मी सांगितलं नाही.

कातडीचा बारीक तुकडा ब्लीचमध्ये टाकला की मांस विरघळतं, हाडं उरतात. ब्लीच किराणा दुकानातून आणलं. लाइट गेलेली, म्हणून आरशाचा जुना सूक्ष्मदर्शक खिडकीत मांडला. तीन स्लाइड झाल्या. तिवई नाही, बटण नाही.

मग डोक्यात प्रकाश पडला. प्राणी ज्यात बुडवून ठेवतात त्या फॉर्मलिनमध्ये बोरॅक्स टाकलं नाही, तर वर्षानुवर्षं त्याला आंबटपणा चढत जातो. आणि आंबटापुढं चुना कुठला टिकायला!

"म्हंजे लोनचं झालं," मामा म्हणाले.

दुसरी आणावी, तर २००१पासून समुद्रकाकड्या वन्यजीव कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत, आमच्या टिपेश्वरच्या वाघाच्या पंगतीला. शेवटी हिचंच पोट फाडलं. आत मागच्या टोकाकडून वर गेलेली दोन झुडपं निघाली: श्वासवृक्ष. नांगरवाल्यांना ती नसतात, म्हणजे निदान एक गण तरी कटला. मी हे मोठ्या आनंदानं जाहीर केलं.

मामांचा चेहरा उतरला. "मंग नांगर नाईच का जी?"