'आधी भरून मोकळे व्हा' असं मी का म्हणत नाही

काका, तुम्ही १९८९ पासून अमेरिकेत आहात असं लिहिलंय, म्हणून हक्काने काका म्हणते.

तुमची प्रतिक्रिया वाचून दोन दिवस झाले. मागच्या लेखात मी लिहिलं होतं की हॉस्पिटलचं बिल कलेक्शन एजन्सीकडे (थकलेली बिलं वसूल करणाऱ्या कंपनीकडे) गेलं असेल आणि इन्शुरन्सकडून पैसे मिळायची शक्यता अजून शिल्लक असेल, तर फोनवरच्या माणसाला घाबरून कार्डचा नंबर देऊ नका. तुमचं म्हणणं असं, की उपचार घेतले तर पैसे द्यायचे, देणं थकवणं आपल्या घराण्यात बसत नाही. भांडत बसलं तर क्रेडिट स्कोअर (कर्ज देताना बघतात तो पतीचा आकडा) जातो. तुमच्या मित्राने पत्नीच्या इमर्जन्सीचे १,८४० डॉलर भरून टाकले आणि त्यांना शांत झोप लागली. आणि शेवटी, "तुम्ही तरुण मुलांना कर्ज बुडवायला शिकवताय." हे वाक्य मला लागलं.

एक गोष्ट आधी कबूल करते. डिडक्टिबल (इन्शुरन्स पैसे देऊ लागण्याआधी वर्षात आपण भरायची रक्कम), कोपे (दर भेटीची ठरलेली रक्कम), कोइन्शुरन्स (बिलातली आपली टक्केवारी) हा आपला वाटा आपण भरायचाच, हे मी लेखाच्या अगदी शेवटी, एका ओळीत उरकलं होतं. ते वर यायला हवं होतं. लेखात आजच बदल केला आहे.

पण काका, देणं कुणाचं आहे हेच ठरलं नसेल तर ते थकवलं असं कसं म्हणायचं? आपण दर पगाराला प्रीमियम भरतो. इन्शुरन्स कंपनीने द्यायचे पैसे आपण घाईने भरले, तर आपण कुणाचं ऋण फेडलं?

आमच्या घरचीच गोष्ट सांगते. लेक झाली २०२२ च्या ऑक्टोबरमध्ये, इथे न्यू जर्सीत. नवऱ्याला आणि मला आपापल्या नोकरीचा वेगवेगळा इन्शुरन्स. बाळाचं नाव ३० दिवसांच्या आत नवऱ्याच्या प्लॅनवर घातलं. हॉस्पिटलने मात्र बाळाच्या नर्सरीचा क्लेम माझ्या इन्शुरन्स कंपनीकडे पाठवला आणि तिने 'ही व्यक्ती आमच्याकडे नाही' म्हणून तो परत केला. त्यानंतरची बिलं आमच्या जुन्या अपार्टमेंटच्या पत्त्यावर जात राहिली. दहा महिन्यांनी एक पातळ पांढरं पाकीट आलं. आत एजन्सीचं पत्र, २,३४० डॉलर, आणि रुग्ण म्हणून नाव कुणाचं? जेमतेम उभं राहायला शिकलेल्या माझ्या मुलीचं. ते नाव वाचून मला रडू आलं.

त्या रात्री नवराही तुमच्यासारखंच म्हणाला, "भरून टाकू, कटकट नको." मी थांबवलं, कारण नवऱ्याच्या प्लॅनमध्ये क्लेम पाठवायची मुदत उपचाराच्या तारखेपासून एक वर्ष होती. म्हणजे आमच्या हातात जेमतेम दोन महिने होते. ही मुदत प्रत्येक प्लॅनची वेगळी असते, काहींची ९० दिवसच, म्हणून पत्र हातात आलं की सगळ्यात आधी मी ती तारीख बघायला सांगते.

पहिलं काम केलं ते एजन्सीला पत्र लिहिण्याचं. १९७७ च्या फेडरल कायद्याप्रमाणे एजन्सीने पहिल्या संपर्कानंतर पाच दिवसांत देण्याचा लेखी तपशील पाठवावा लागतो, आणि तो मिळाल्यापासून ३० दिवसांच्या आत आपण लेखी हरकत घेतली, तर पुरावा पाठवेपर्यंत तिला वसुली थांबवावी लागते. फोनवर सांगून हे संरक्षण मिळत नाही. सर्टिफाइड मेलने, पोचपावतीसकट पाठवायचं, आपल्याकडच्या रजिस्टर्ड एडीसारखं. ती हिरवी पोचपावती मी अजून जपून ठेवली आहे. 'अटक होईल' अशी धमकी द्यायला त्याच कायद्याने बंदी आहे, हे व्हिसावर असलेल्या मुलांसाठी मुद्दाम लिहिते. हे दिवाणी देणं आहे, गुन्हा नाही.

दुसरं काम हॉस्पिटलच्या बिलिंग विभागाचं. रोज जेवणाच्या सुट्टीत गाडीत बसून फोन, मांडीवर वही. तारीख, बोलणाऱ्याचं नाव, कॉलचा संदर्भ क्रमांक. पहिल्या दोघांनी "हे अकाउंट आता आमच्याकडे नाही" म्हणून हात झटकले. पण हॉस्पिटलने एजन्सीला सोपवलेलं अकाउंट बहुतेक वेळा परत मागवता येतं, त्यासाठी वरिष्ठांशी बोलावं लागतं. तिसऱ्या फोनवरच्या बाईंनी ऐकून घेतलं, नवऱ्याच्या इन्शुरन्सचा नंबर लिहून घेतला आणि क्लेम नव्याने पाठवला. सहा आठवड्यांनी ईओबी आला, म्हणजे क्लेमपैकी इन्शुरन्सने किती दिले आणि आपला वाटा किती हे सांगणारा कागद. आमचा वाटा २१२ डॉलर. तो त्याच संध्याकाळी भरला, काका. आम्ही काही बुडवलं नाही.

तेव्हा २,३४० भरले असते तर? क्लेमच गेला नसता, म्हणून ती रक्कम आमच्या डिडक्टिबलमध्येही धरली गेली नसती. नंतर परतावा मागायचा तर एजन्सी हॉस्पिटलकडे बोट दाखवते आणि हॉस्पिटल एजन्सीकडे. आणखी एक: देणं फार जुनं असेल तर थोडेसे पैसे भरल्यानेही वसुलीसाठी आपल्याविरुद्ध कोर्टात जायची मुदत अनेक राज्यांत नव्याने सुरू होते.

आता स्कोअरचं. तुम्ही इथे आलात तेव्हाचे नियम आता राहिले नाहीत. जुलै २०२२ पासून तिन्ही मोठ्या क्रेडिट ब्यूरो (आपल्या कर्जांची नोंद ठेवणाऱ्या कंपन्या) मेडिकल कलेक्शन एक वर्ष होईपर्यंत रिपोर्टवर घेत नाहीत, आणि भरलेलं देणं काढून टाकतात. २०२३ पासून ५०० डॉलरच्या खालचं घेतच नाहीत. मेडिकल कर्ज रिपोर्टवरून पूर्ण काढायचा फेडरल नियम जानेवारी २०२५ मध्ये आला होता, तो टेक्सासमधल्या कोर्टाने त्याच वर्षी जुलैत रद्द केला, त्यामुळे त्यावर विसंबू नये. न्यू यॉर्कने २०२३ मध्ये आणि आमच्या न्यू जर्सीने २०२४ मध्ये स्वतःचे कायदे मात्र केले आहेत. म्हणजे स्कोअरच्या भीतीने आजच पैसे भरावेत इतकी घाई बहुधा नसते.

घाई असते ती इन्शुरन्सच्या बाजूने. क्लेम नाकारल्याची सूचना मिळाली की बहुतेक प्लॅनमध्ये १८० दिवसांत अपील करायचं. झालेल्या उपचारांच्या अपीलावर प्लॅनने ६० दिवसांत निर्णय द्यायचा. तिथेही नकार आला आणि मुद्दा वैद्यकीय गरजेचा असेल, तर चार महिन्यांच्या आत बाहेरच्या तज्ज्ञांकडून फेरतपासणी मागता येते, आणि त्यांचा निर्णय कंपनीवर बंधनकारक असतो. आणि कोर्टाचं समन्स आलं, तर क्लेम कुठेही अडकलेला असो, मुदतीत उत्तर द्या. ते पाकीट न उघडता ठेवणारे लोक मी पाहिले आहेत, आणि त्या बाबतीत तुमची काळजी अगदी खरी आहे.

तुमच्या मित्राचं अजून मनात आहे. बिल इमर्जन्सीचं होतं असं तुम्ही लिहिलंय. २०२२ पासून लागू झालेल्या कायद्याने इमर्जन्सी रूम नेटवर्कच्या (आपल्या इन्शुरन्सशी करार असलेल्या हॉस्पिटलांच्या) बाहेरची असली, तरी नेटवर्कमधल्या दराने ठरणाऱ्या वाट्यापेक्षा जास्त रक्कम रुग्णाकडून घेता येत नाही. जमिनीवरची ॲम्ब्युलन्स मात्र त्यात येत नाही. हॉस्पिटल नेटवर्कमधलं असेल आणि क्लेम मुदतीत पाठवायला तेच विसरलं असेल, तर इन्शुरन्सशी झालेल्या करारामुळे ती रक्कम सहसा रुग्णाच्या माथी मारता येत नाही. तेव्हा ते १,८४० नक्की कशाचे होते, हे बघायला हवं.

त्यांना विचाराल का, की क्लेम गेला होता का, आणि ईओबी आला होता का? आला असेल तर त्यावर 'पेशंट रिस्पॉन्सिबिलिटी' या रकान्यात किती आकडा आहे? तो १,८४० च असेल तर त्यांनी योग्य केलं आणि मी हे खाली लिहीन. कमी असेल, तर हॉस्पिटलकडून तपशीलवार बिल मागवा आणि उपचाराची तारीख मला कळवा. परतावा मागायच्या पत्राचा मसुदा मी या शनिवार-रविवारी करून देते.