नेक्रो पोलीस

परवा गणपतीच्या मांडवात माझा तीन लिटरचा कुकर गेला. चोरीला नव्हे, तसं असतं तर तक्रार तरी नोंदवता आली असती. सोसायटीच्या प्रश्नमंजूषेत बक्षिसाच्या कुकरसाठी शेवटचा प्रश्न आला, "प्राचीन दफनभूमीला काय म्हणतात?" (बाप्पासमोर दफनभूमी! मोबाइलवरून प्रश्न उतरवले की असंच होतं.) मी ताडकन उठलो. "नेक्रोपोलिस!"

परीक्षक होते ए विंगचे निवृत्त फौजदार. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"काय पोलीस?"

"नेक्रोपोलिस."

"अहो, छत्तीस वर्षं खात्यात काढली. रेल्वे पोलीस पाहिले, राखीव पोलीस पाहिले. हे नेक्रो कुठलं युनिट?"

मांडव खदखदला.

"ग्रीक शब्द आहे हो. नेक्रोस म्हणजे मृत, पोलिस म्हणजे नगर."

"म्हणजे मेलेल्यांना बंदोबस्त? कशाला? मेलेला माणूस पळतो होय?"

आणि माईक हातात असल्यामुळे फौजदार सुटलेच. एकदा म्हणे पंचनाम्यासाठी त्यांना एका मयताशेजारी रात्रभर बसवलं होतं. सोबतीला एक हवालदार, तोही तापानं फणफणलेला. पहाटे तीनला हवालदार कण्हला, आणि फौजदारांना वाटलं मयतच बोललं. "त्या रात्रीला म्हणा तुमचं नेक्रो पोलीस!" टाळ्या. उत्तरपत्रिकेत 'कॅटाकोम' होतं. कुकर सी विंगच्या वहिनींना गेला, आणि त्या उत्तर देताना पदराआड मोबाइल उजळला होता, हे मी या डोळ्यांनी पाहिलंय.

रात्री दोन वाजता मला सगळे मुद्दे सुचले. कॅटाकोम हे मुळात रोमजवळच्या आपियन रस्त्यावरच्या एकाच जागेचं नाव. पुढे जमिनीखालच्या सगळ्याच दफनभूमींना ते चिकटलं, जसं एका कंपनीचं 'झेरॉक्स' गावभरच्या प्रतींना चिकटलं. नेक्रोपोलिस मात्र चांगलं ऐसपैस. ग्रीक भूगोलकार स्ट्रॅबोनं 2000 वर्षांपूर्वी इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या पश्चिमेच्या उपनगराला हा शब्द वापरलाय: बागा, थडगी, प्रेतं मसाला भरून टिकवण्याच्या जागा. इटलीत चेर्वेतेरीला रोमन लोकांच्याही आधीच्या एट्रुस्कन लोकांनी मृतांसाठी रस्ते आणि चौक आखून वस्तीच वसवली. आमच्या पार्किंगमध्ये दोन स्कूटर समोरासमोर आल्या की एकीला मागे जावं लागतं, ते सोडा.

सगळ्यात जास्त झोंबलं ते वेगळंच. 'पोलीस' हा शब्दही त्याच 'पोलिस'मधून आलाय: नगर, मग नगराचा कारभार, मग लॅटिन, फ्रेंच, इंग्रजी करत आपल्या नाक्यावरचा शिट्टीवाला. म्हणजे फौजदार अर्धे बरोबर होते. निम्मे गुण त्यांना, शून्य मला.

चेर्वेतेरीच्या थडग्यांत दगडी पलंग आहेत, वर कोरलेल्या उशासुद्धा. वैदिक शब्दांच्या व्युत्पत्ती सांगणाऱ्या आपल्या यास्कानंही 'श्मशान' शब्दाची फोड शरीराची शय्या अशीच केलीय. शय्या राहू द्या, वडील गेले तेव्हा स्मशानभूमीत आम्हाला टेकायला बाकडं नव्हतं. पासाच्या खिडकीवरच्या माणसानं मान वर न करता मृताच्या आधारकार्डाची झेरॉक्स मागितली. रात्री साडेअकराला. मूळ कार्ड दाखवलं तर म्हणाला, "मूळ नको, झेरॉक्स." वडील बाहेर गाडीत. वर्ष होत आलं, तरी तो आवाज आठवला की कानशिलं तापतात.

तेव्हा झेरॉक्सवाल्याला झोपेतून उठवून शटर वर करायला लावलं ते याच फौजदारांनी. त्यामुळे मांडवात जास्त ताणता आलं नाही.

काल लिफ्टमध्ये त्यांनी मला कडक सलाम ठोकला. "काय नेक्रो पोलीस, ड्यूटीवर?" आता पोरंसुद्धा तेच म्हणतात. आणि रोज सकाळी साडेदहाला सी विंगमधून कुकरची शिट्टी येते. तीन लिटरचीच आहे, ओळखू येते.