वरच्यांचं बाथरूम, खालच्यांचं छत

छताला पोपडे आले, ट्यूबलाइटच्या पट्टीवर पाणी टपकतंय, तरी वरचे म्हणणार, ‘आमच्याकडे सगळं कोरडं आहे!’ अहो, पाणी खालीच उतरणार ना? वरच्या बाथरूमच्या नहाणी ट्रॅपला, म्हणजे फरशीवरचं पाणी जिथून जातं त्या जाळीखालच्या भांड्याला, बोळा कोंबा, दोन इंच पाणी भरा, २४ तास ठेवा. खाली डाग वाढला, तर ट्रॅपचा सांधा किंवा वॉटरप्रूफिंग गेलेलं. बाथरूम न वापरताही टपकतंय? मग भिंतीतला नळाचा पाइप बघा. एवढं करायला काय जातं? पण पुण्यात कोथरूड असो की सिंहगड रोड, उत्तर ठरलेलं: दिवाळीनंतर बघू! आणि मग काय, तर फरशीच्या फटींत पांढरं सिमेंट चोपडायचं. अरे, फरशीखालचा कोबा, म्हणजे विटांच्या तुकड्यांचा नि सिमेंटचा थर, पाणी पिऊन बसलाय, वरच्या फटी बुजवून काय होणार? स्लॅबमधल्या सळ्या गंजतायत. फरशी कधी उखडणार?