खुलासा : सुरुवात सरकारी फतव्यानं झाली नव्हती

ठाण्यातल्या वाचकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर एक मेसेज फिरतोय : ‘फॅरनहाइट ४५१’मध्ये सरकारनं एका फतव्यानिशी पुस्तकं संपवली. हे चूक आहे. रे ब्रॅडबरीच्या या १९५३च्या कादंबरीत पुस्तकं जाळणाऱ्या फायरमनांचा कॅप्टन बीटी, आजारी म्हणून घरी पडून राहिलेल्या माँटॅग या आपल्याच फायरमनला स्वतःच सांगतो, की हे वरून आलंच नाही. आधी लोकांचं वाचन आटलं. जाडजूड ग्रंथांचे सारांश झाले, सारांशांच्या चार ओळी उरल्या. कुणालाच काही खुपू नये म्हणून मजकूर छाटला गेला. आग लावणारे नंतर आले.

मेसेजमधून नेमकी वाचकाची जबाबदारीच गळते, आणि १८९३पासून ग्रंथसंग्रहालय जपणाऱ्या ठाण्यात ते फार खटकतं. पुढे पाठवण्याआधी कादंबरीच उघडा. बीटीचं ते लांबलचक बोलणं पहिल्याच भागात आहे.