दोन कड्या काढल्या म्हणून चेन सटकायची थांबत नाही

व्हॉट्सॲपवर सायकलवाल्यांसाठी एक सल्ला फिरत असतो: ‘चेन सटकते म्हणजे ती सैल झाली. दोन कड्या काढा, चेन ताठ करा, फ्रीव्हीलच्या (मागच्या चाकावरच्या दातेरी चक्राच्या) दातांवर कानस फिरवा आणि वरून गाडीचं काळं ऑइल ओता. गिअरच्या सायकलीलाही हाच उपाय. नवीन चेनचा खर्च वाचला!’ यात एकच गोष्ट अर्धीमुर्धी खरी आहे. बाकीच्यांनी सायकलचं नुकसानच होतं.

मुळात चेन पडणं वेगळं आणि सटकणं वेगळं. दातांवरून बाजूला निघून लोंबायला लागली, तर ती पडली. त्यामागे ढिली चेन, वाकडं चेनव्हील (पायडलजवळचं दातेरी चक्र) किंवा तिरकं बसलेलं मागचं चाक असतं. सटकणारी चेन जागेवरच असते, पण चढावर जोर दिला की एक दात ओलांडून खाडकन पुढे जाते. ढिली चेन आवळण्याचा उपाय पहिल्या दुखण्याचा, आणि तो दुसऱ्यावर सांगितला जातोय.

‘चेन लांब झाली’ हे खरं आहे, पण ती ताणून लांब होत नाही. एका पिनेच्या मध्यापासून पुढच्या पिनेच्या मध्यापर्यंत अर्धा इंच, म्हणजे १२.७ मिमी अंतर असतं. पिना आणि त्या ज्यात फिरतात ती भोकं झिजतात, प्रत्येक सांधा केसभर मोकळा होतो आणि हे अंतर वाढतं. फ्रीव्हीलच्या दातांमधलं अंतर काही वाढत नाही. मग रोलर, म्हणजे कडीतली फिरती नळी, दाताच्या बुडाशी न बसता वर चढून राहतो आणि जोर आला की पलीकडे उडी मारतो. दोन कड्या काढल्या तरी उरलेल्या सगळ्या तेवढ्याच झिजलेल्या. इंचपट्टीच चुकीची छापलेली असेल तर टोकाचे दोन इंच कापून माप बरोबर येईल का?

आकडेच पाहा. १०८ कड्यांची चेन ५४ इंच भरते. ती १ टक्का झिजली की साधारण १४ मिमी लांब होते, आणि तेवढी ढिलाई काढायला मागचं चाक फक्त ७ मिमी मागे ओढावं लागतं. १ टक्का होईपर्यंत तर चेन बाद झालेली असते. दोन कड्या म्हणजे २५.४ मिमी. झिजेमुळे तेवढी काढायची वेळ आली असेल, तर झीज पावणेदोन टक्क्यांच्या वर गेली. ती चेन भंगारात द्यायची. दोन कड्या काढणं योग्य ठरतं ते एकाच परिस्थितीत: चेन मापात आहे, पण पहिल्यापासूनच जास्त लांब बसवली आहे किंवा नंतर लहान फ्रीव्हील टाकलं आहे.

माप घरीच घेता येतं. चेन ताणलेली असताना फुटपट्टीचा शून्य एका पिनेच्या मध्यावर धरा आणि २४ कड्या मोजा. शेवटच्या पिनेचा मध्य बरोबर १२ इंचांवर हवा. दीड मिमी पुढे गेला तर चेन बदला. ३ मिमी पुढे गेला असेल तर तिने फ्रीव्हीलचे दातही खाल्ले आहेत असं धरून चाला. (११-१२ गिअरच्या सायकलीला दीड मिमीच्या पुढे अजिबात जाऊ देऊ नका.)

‘जितकी ताठ तितकी चांगली’ हेही चूक. चेनव्हील क्वचितच अगदी गोल असतं, त्यामुळे चेन एका जागी घट्ट आणि दुसऱ्या जागी सैल लागते. पायडल हळूहळू फिरवा आणि सर्वांत घट्ट जागी खालच्या चेनला मधोमध १० ते १२ मिमी हालचाल ठेवा. याहून ताठ केली तर हबच्या आणि पायडलखालच्या बेअरिंगवर भार येतो. गिअरच्या सायकलीत ढिलाई डिरेलर (गिअर बदलणारा आणि चेन ताणून धरणारा मागचा भाग) खाऊन टाकतो, तिथे कड्या काढणं घातक: मोठ्या चेनव्हीलवरून मागच्या सर्वांत मोठ्या चकतीवर चेन टाकताच डिरेलर ताणून मोडू शकतो.

कानस? दात आणखी बारीक होतो, रोलरला धरायला जागा उरत नाही. पुढचा मुद्दा.

काळ्या ऑइलमध्ये इंजिनाचा धातूचा कीस असतो, म्हणजे आपण पिनांना पॉलिश पेपरच लावतो. खोबरेल तेलही नको: ते २४ अंशांखाली थिजतं, हिवाळ्यात सकाळी त्याचा चिकटा होतो. चेन आधी पुसून कोरडी करा, प्रत्येक रोलरवर चेनच्या तेलाचा एकच थेंब टाका, पायडल उलटं फिरवा, दहा मिनिटांनी बाहेरचं सगळं तेल फडक्याने पुसा. तेल आत हवं, बाहेर ते फक्त धूळ गोळा करतं.

खर्चाआधी सटकण्याचा ताल ऐका. ४४ दातांच्या चेनव्हीलवर १०८ कड्यांची चेन साधारण अडीच पायडलफेऱ्यांत एक चक्कर मारते. त्याच तालात ‘टक्’ होत असेल तर एखादी कडी अडकली आहे. ती शोधून हाताने आडवी वाकवून मोकळी करा, फुकटात काम होतं. प्रत्येक फेरीला एकाच जागी झटका बसत असेल तर चेनव्हील किंवा क्रँकची (पायडलच्या दांड्याची) ढिली कॉटर पिन तपासा. एकाच गिअरमध्ये, फक्त जोरावर सटकत असेल तर ती चकती झिजली आहे. सपाटीवर, जोर नसतानाही गिअर आपोआप चाचपडत असेल तर केबलचा ताण कमी-जास्त आहे: डिरेलरजवळची गोल नटासारखी घुंडी अर्धा-अर्धा फेरा फिरवून पाहा. आणि चेन हललीच नाही, पण पायडल रिकामं फिरून मग पकडतं, तर दोष फ्रीव्हीलच्या आतल्या खटक्यांचा. आत पातळ तेल सोडून पाहा, नाहीतर फ्रीव्हील बदला.

नवीन चेन टाकल्यावरच सटकायला लागली तर दुकानदाराशी भांडू नका. जुने दात जुन्या चेनच्या मापाला झिजलेले असतात, नवी त्यांवर बसत नाही, फ्रीव्हीलही बदलावं लागतं. ते रस्त्यावर निघण्याआधी कळू शकतं: मागचा ब्रेक घट्ट दाबून धरा, पायडल पुढच्या बाजूला आडवं ठेवून त्यावर पायाने दाब द्या, मग चाक थोडं पुढे सरकवून हेच चार-पाच जागी करा. चेन कुठेही दात ओलांडत असेल तर त्या सायकलवर उभं राहून चढ मारू नका.