पाव युनिटचं पॉवर स्टेशन

जूनच्या सुरुवातीला काजवे बघायला भंडारदऱ्याला तंबूत राहायचं, हे बिनविरोध मंजूर झालं. मग चिरंजीवांनी विचारलं, "फोन कुठे चार्ज करायचे?" झालं! घरात पोर्टेबल पॉवर स्टेशनचा अभ्यास सुरू झाला.

पॉवर स्टेशन म्हटलं की कोराडी, पारस असं काहीतरी डोळ्यांपुढे येतं. प्रत्यक्षात हँडल लावलेला बॅटरीचा डबा. दुकानदार म्हणाला, "२५६ वॉट-अवर आहे साहेब." विजेच्या बिलाच्या भाषेत पाव युनिट! घरी दोन-तीन रुपयांत येणारी वीज इथे वीस हजारांच्या डब्यात. शिवाय सगळी बाहेर येतच नाही. बॅटरीतल्या डीसी विजेची घरातल्यासारखी एसी करताना आतला इन्व्हर्टर दहा-पंधरा टक्के दलाली कापून घेतो.

मेव्हण्यांना आकडा लहान वाटला. "दाजी, हा बघा, ६०,००० एमएएच!" एमएएच म्हणजे मिलिअँपिअर-अवर, म्हणजे हजारानं भागून उरले ६० अँपिअर-अवर. त्याला बॅटरीच्या ३.७ व्होल्टनं गुणलं, तर आले २२२ वॉट-अवर. मेव्हणे तेव्हापासून बॅटरी या विषयावर बोलत नाहीत, हा एक फायदाच.

न्यू जर्सीच्या वहिनी म्हणाल्या, "इकडे सेल आहे, येताना घेऊन येते." १६० वॉट-अवरच्या वरची लिथियम बॅटरी प्रवाशाला विमानात नेताच येत नाही. नेता आली असती, तरी तिच्यातून १२० व्होल्ट निघाले असते आणि आमचा टेबल फॅन २३० मागतो.

दुकानदारानं मग हुकमाचं पान काढलं. "एलएफपी, म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी आहे, २,५०० वेळा चार्ज होते!" आम्ही तंबूत राहायला वर्षातून एकदा जातो, म्हटल्यावर त्यानं मनातल्या मनात भागाकार केला आणि विषय सोलर पॅनेलकडे वळवला. जूनमध्ये. भंडारदऱ्यात.

खरा पेच सौभाग्यवतींनी टाकला. "किटली चालेल ना?" डब्यावर लिहिलंय एका वेळी जास्तीत जास्त ३०० वॉट, किटलीच्या बुडाशी १५००. लावली की डबा टूं करून बंद. मोठा डबा घेतला, तरी लिटरभर पाणी उकळायला शंभरेक वॉट-अवर जाणार. पाणी गरम, स्टेशन गार. "चहा गॅसवर करू," मी म्हणालो. "मग एवढे पैसे कशाला घालायचे?" या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच माहितीपत्रकात नाही.

तरी मी यादी केली. फोन, टेबल फॅन, तंबूतला दिवा, बाहेरचा दिवा, वाटेवरचा दिवा. आई चष्मा पुसत ऐकत होती. "काय रे, काजवे अंधारातच दिसतात ना?"

सगळे गप्प. मी मुकाट्यानं तिन्ही दिवे खोडले.

"बरं झालं," सौभाग्यवती म्हणाल्या. "आता तेवढी वीज वाचली. त्यात किटली बसते का बघा."