वरणाच्या पाण्यावर तीन महिने काढू नका

गेल्या महिनाभरात एकच मेसेज मला पाच पेशंटनी पाठवला. वजन कमी करण्याचं ऑपरेशन झालेल्यांसाठी म्हणून तो घरोघरच्या ग्रुपवर फिरतोय. थोडक्यात मजकूर असा: पोट कापलेलं असतं, म्हणून तीन महिने फक्त पेज, वरणाचं पाणी, नारळपाणी आणि फळांचा रस घ्या. डाळीतून लागेल तेवढं प्रोटीन मिळतं, प्रोटीन पावडरनं किडनी जाते. भूक लागेल तेव्हाच खा. केस गळू लागले तर ऑपरेशन बिघडलं समजा. उलट्या झाल्या तर घाबरू नका, शरीर साफ होतंय.

मी पुण्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि माझे निम्म्याहून जास्त पेशंट हेच ऑपरेशन झालेले असतात. मेसेज लिहिणाऱ्याच्या मनात काळजीच असेल. पण त्याप्रमाणे वागलेली माणसं माझ्यासमोर येऊन बसतात, म्हणून हे लिहायलाच हवं.

स्लीव्ह, म्हणजे जठर कापून अरुंद नळीसारखं करण्याचं ऑपरेशन, झालेल्या एक काकू सव्वादोन महिन्यांनी आल्या. वजन सतरा किलोनं उतरलेलं, घरचे खूश. मी वजनकाट्यावर उभं राहायला सांगितलं, तर खुर्चीतून उठताना त्यांनी दोन्ही हात गुडघ्यांवर रोवले, जोर केला आणि परत बसल्या. दुसऱ्यांदा सुनेनं काखेत हात घातला तेव्हा उठल्या. "काकू, काल दिवसभरात काय काय घेतलंत?" सकाळी वाटीभर पेज, मग नारळपाणी, दुपारी वरणाचं पाणी, चारला मोसंबीचा रस, संध्याकाळी चहात बुडवून दोन बिस्किटं, रात्री पुन्हा पेज. मी वहीत बेरीज केली. दिवसभराचं प्रोटीन दहा ग्रॅमसुद्धा भरत नव्हतं. उतरलेल्या सतरा किलोंत चरबी होती, तसे मांड्यांचे स्नायूही होते.

आता मेसेजमधली पहिली गोष्ट, तीन महिने पातळ. सुरुवातीला पातळच घ्यायचं, यात वाद नाही. स्लीव्हमध्ये जठराचा पाऊण भाग किंवा त्याहून थोडा जास्त काढून टाकतात आणि उरलेल्या नळीत शंभर-दीडशे मिली मावतं. वजनाच्या बायपासमध्ये (हृदयाचं नव्हे) जठराचा छोटा भाग वेगळा करून थेट आतड्याला जोडतात, त्यात तर जेमतेम ३० मिलीची पिशवी राहते. जठर कापून स्टेपलनं जोडलेली ती कड भरून येईपर्यंत तिच्यावर ताण नको, म्हणून साधारण दोन आठवडे पातळ, पुढचे दोन आठवडे मिक्सरमधून काढलेलं किंवा घोटलेलं, पाचव्या आठवड्याच्या आसपास मऊ, आणि दोन महिन्यांनंतर हळूहळू घरचं नेहमीचं जेवण. प्रत्येक हॉस्पिटलच्या कागदावर चार-आठ दिवसांचा फरक असतो. तुमच्या सर्जननी दिलेला कागदच पाळा. पण सगळं सुरळीत असताना तीन महिने पातळावर ठेवा असं मी तरी कुठल्याही कागदावर पाहिलेलं नाही. जखम भरायला प्रोटीनच लागतं आणि पेजेत ते नसल्यातच जमा आहे.

मऊ म्हणजे नेमकं काय, इथेच सगळ्यात जास्त घोळ होतो. लोक मऊ म्हटलं की गुरगुट्या भात, साबुदाण्याची खीर, दुधात कुस्करलेली पोळी धरतात. साबुदाण्यात प्रोटीन जवळपास शून्य. मऊ भात बसल्या जागी फुगतो आणि चिकटून राहतो. पोळीचा आणि पावाचा नीट न चावलेला घास गोळा होऊन अडकतो. हे सगळं नंतर येऊ दे. माझी कसोटी साधी आहे: चमच्याच्या पाठीनं दाबलं की पदार्थ चिरडला पाहिजे आणि त्यात प्रोटीन असलं पाहिजे. घरी बनवलेलं ओलसर पनीर किसून, चक्का साखर न घालता, मऊ उकडलेलं अंडं कुस्करून वर दोन चमचे ताक, ताकातलं सैल पिठलं, घट्ट घोटलेलं मुगाचं वरण. मासे खाणाऱ्यांनी वाफवलेल्या पापलेटचा काटे काढलेला तुकडा घ्यावा. चिकन आवडत असेल तर रश्शात शिजवलेला बारीक खिमा चालतो, कोरडा तुकडा या टप्प्यावर अजिबात नको.

दिवसाला एकच नवा पदार्थ, तोही दोन चमचे. चहाचा चमचा वापरा. घासाची तोंडातच पेस्ट होईपर्यंत चावा आणि दोन घासांत थोडं थांबा. छातीच्या मधोमध दाटल्यासारखं वाटलं की हातातला घास ताटात परत ठेवायचा. काहींना तेव्हा उचकी लागते, काहींचं नाक वाहू लागतं. हाही पोट भरल्याचा इशाराच आहे. आपल्याकडे ताटात टाकू नये असं लहानपणापासून मनावर बिंबवलेलं असतं, त्यामुळे हे सांगताना मला सर्वात जास्त वेळ लागतो. आणि जेवताना पाणी नको, जेवणानंतरही अर्धा तास नको.

डाळीतून लागेल तेवढं मिळतं, हा दावा कागदावर खरा वाटतो, कारण शंभर ग्रॅम कच्च्या तूरडाळीत २२ ग्रॅमच्या आसपास प्रोटीन असतं. पण शंभर ग्रॅम डाळ खातं कोण? एका वाटी वरणाला तीसेक ग्रॅम डाळ लागते, म्हणजे घट्ट वाटीत सहा-सात ग्रॅम. मेसेज तर वरणाचं पाणी घ्या म्हणतोय. डाळ खाली बसल्यावर वरून काढलेल्या त्या पिवळ्या पाण्यात फार तर ग्रॅम-दीड ग्रॅम. ऑपरेशननंतर दिवसाला किमान ६० ग्रॅम लागतं, बऱ्याच जणांना ८० पर्यंत. नुसत्या डाळीवर ते गाठायचं तर नऊ-दहा घट्ट वाट्या झाल्या. ज्या पोटात एका वेळी अर्धी वाटी मावते, त्यात त्या कशा मावणार?

म्हणून घास मोजका, तर त्यात पहिला मान प्रोटीनचा. एका अंड्यात सहा ग्रॅम, कपभर म्हणजे २०० मिली दुधात साडेसहा, ५० ग्रॅम पनीरमध्ये नऊ. सहा वेळा थोडं थोडं खाऊन यातून ३०-३५ पर्यंत पोहोचता येतं. सुरुवातीच्या महिन्यांत उरलेलं पावडरीतून घ्यावं लागतं, विशेषतः शाकाहारी घरात.

आणि किडनी? आयसीएमआरनं, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेनं, २०२० मध्ये निरोगी माणसासाठी सांगितलेलं प्रमाण किलोमागे ०.८३ ग्रॅम आहे. सत्तर किलोच्या माणसाला हे ५८ ग्रॅम होतं. म्हणजे आपण ज्या ६० ग्रॅमबद्दल बोलतोय ते काही पैलवानाचं खाणं नाही. निरोगी किडनीला त्यानं धक्का लागत नाही. ज्यांचं क्रिएटिनिन (किडनीचं काम दाखवणारी रक्ततपासणी) आधीपासून वाढलेलं आहे, त्यांनी मात्र प्रमाण किडनीच्या डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावं. बायपासनंतर मुतखड्याची शक्यता वाढते हेही खरं आहे, आणि त्यासाठी दिवसभर घोट घोट करून दीड-दोन लिटर पाणी पोटात जायला हवं. पावडर घेताना डब्याच्या मागची बाजू वाचा: एका मापात २० ते २५ ग्रॅम प्रोटीन हवं. मुलांना दुधातून देतो ती चॉकलेटी पावडर म्हणजे प्रोटीन पावडर नव्हे, त्यात साखरच जास्त असते. उकळत्या दुधात व्हे, म्हणजे दुधापासून केलेली प्रोटीन पावडर, घातली की गुठळ्या होतात, दूध कोमट होऊ द्या.

फळांच्या रसाबद्दल थोडक्यात. बायपास झालेल्या माणसानं ग्लासभर गोड रस घेतला की साखर एकदम आतड्यात उतरते आणि पाऊण तासाच्या आत धडधड, घाम, पोटात कळा, जुलाब सुरू होऊ शकतात. याला डम्पिंग म्हणतात. स्लीव्हवाल्यांनाही हे होतं, फक्त कमी प्रमाणात.

भूक लागेल तेव्हाच खा, हा सल्ला इतरांना ठीक असेल. स्लीव्हमध्ये जठराचा जो भाग काढतात, भुकेचं संप्रेरक, घ्रेलिन, मुख्यतः तिथेच तयार होतं. त्यामुळे कित्येकांना महिनोन्‌महिने भूक जाणवतच नाही. भुकेची वाट पाहिली तर दुपारचे तीन वाजतात आणि पोटात चहाशिवाय काही नसतं. घड्याळ लावून खा. काकूंच्या सुनेनं मोबाइलवर सहा गजर लावले, दीड महिन्यानं काकू हात न टेकता उठल्या.

केस तिसऱ्या ते सहाव्या महिन्यात बऱ्याच जणांचे गळतात. शरीराला बसलेल्या धक्क्याचा तो परिणाम असतो आणि केस परत येतात. त्याहून जास्त दिवस गळत राहिले तर प्रोटीन, लोह आणि झिंक तपासून घ्या.

आता उलट्या. शरीर साफ होतंय, हे त्या मेसेजमधलं सर्वात घातक वाक्य आहे. घाईनं खाल्ल्यामुळे एखादी उलटी होणं वेगळं. पण दोन-तीन दिवस सतत उलट्या होत असतील, पाणीही टिकत नसेल, तर बी-१ म्हणजे थायमिन झपाट्यानं संपतं. शरीरात त्याचा साठा मुळातच काही आठवड्यांचाच असतो. मग डोळ्यांपुढे दोन-दोन दिसणं, चालताना झोक जाणं, बोलण्यात गोंधळ होणं सुरू होतं, आणि उपचाराला उशीर झाला तर मेंदूचं नुकसान कायमचं राहू शकतं. इतकं होण्याची वाट पाहू नका, त्याच दिवशी तुमच्या सर्जनच्या टीमला फोन करा. दुसऱ्या कुठल्या दवाखान्यात जावं लागलं तर ऑपरेशन कधी आणि कुठलं झालंय ते आधी सांगा, आणि ग्लुकोजचं सलाइन लावण्यापूर्वी थायमिनचं इंजेक्शन द्यायचं का, हे डॉक्टरांना आवर्जून विचारा.